हिवाळेकाकांच्या कवितेतलं नाव

कुंडलिक हिवाळे यांच्याबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल लिहावं लागतं, म्हणून इतकी वर्षं मी टाळाटाळ केली. घाटकोपरच्या असल्फ्याच्या डोंगरावर, आमच्या वस्तीत, खरा कवी म्हणावा असा एकच माणूस होता. त्या माणसाशी नीचपणा करणाराही एकच निघाला. तो मी.

काका मरोळच्या एका कारखान्यात पत्र्याच्या डब्यांची झाकणं ठोकायचे. दिवसाला अठराशे झाकणं. डाव्या हाताची करंगळी त्या मशीनला देऊन झाली होती. "जगात जेवढी तोंडं आहेत त्याच्यापेक्षा जास्त झाकणं मी केली," ते म्हणायचे, "तरी गप्प कुणी बसत नाही." करंगळीचं विचारलं तर म्हणायचे, "नऊ बोटं पुष्कळ झाली लेका. लिहायला तर तीनच लागतात."

त्यांची अशी वाक्यं वस्तीत या घरातून त्या घरात जायची. नळावर दोन बायका झिंज्या धरण्यापर्यंत आल्या तेव्हा काका दात घासता घासता म्हणाले, "भांडण उद्या पण येईल. पाण्याचं काही सांगता येत नाही." दोघींनी हंडे लावले. जयंतीच्या सभेत एक पाहुणे दीड तास बोलले, तेव्हा काका मागच्या रांगेतून हळूच म्हणाले, "करंट माईकला आहे म्हणून चाललंय. भाषणात असता तर माईक लागला नसता." माझी आई वारली तेव्हा सगळे मला धीर धर, धीर धर म्हणत होते. काका शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "दुःख पाहुण्यासारखं असतं चंदू. बसू द्यावं, चहा द्यावा. फक्त त्याला खाट टाकून देऊ नये." त्या वाक्यावर मी ते वर्ष काढलं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मी काय केलं ते नीट मोजता येईल.

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा. नाव चंद्रप्रकाश, टपाल खात्यात कारकून, मराठी घेऊन एम. ए. झालेला, दाढी आणि खांद्याला झोळी. मला राग यायचा, आणि राग येण्यासारखं आजूबाजूला भरपूर होतं, त्यात खोटं काही नव्हतं. पण राग आला की आपण बरोबरच असतो, असाही माझा एक समज होता. दर रविवारी सकाळी बुद्धविहाराच्या ओट्यावर आम्हा लिहिणाऱ्या पोरांची बैठक बसायची आणि मी तिचा आपोआप अध्यक्ष असायचो. आमच्या कवितेत विस्तव, मशाली, उद्ध्वस्त शहरं. काका यायचे, कोपऱ्यात बसायचे, आणि त्यांची पाळी आली की पाखरू, पिंपळ, चंद्र असलं काहीतरी म्हणायचे. कागद नसायचा. सगळं तोंडपाठ.

पंच्याऐंशीच्या डिसेंबरात एका रविवारी मी त्यांना सगळ्यांसमोर झाडलं. म्हटलं, "काका, तुम्ही रोमँटिक कवी आहात."

"म्हणजे काय असतं ते?"

"चंद्र, फुलं, बायको. पोट भरलेल्या लोकांची चैन. शेकडो वर्षं आपल्याला गावाबाहेर ठेवलं आणि तुम्ही चंद्रावर लिहिता? चंद्र त्यांचा आहे."

काकांनी जरा विचार केल्यासारखं केलं. "असंल बाबा," ते म्हणाले. "पण आमच्या गावात आमच्या वस्तीकडं वरच्या आळीतलं कुणी म्हणजे कुणी फिरकायचं नाही. एकटा चंद्र तेवढा यायचा. शिवाशीव पाळत नव्हता बिचारा. त्याला मी काय म्हणून हाकलू?"

पोरं हसली. काका एवढ्यावर थांबले असते तर मी सावरलो असतो. पण ते त्यांच्या नेहमीच्या मायेनं पुढे म्हणाले, "आणि तुझ्या बापानं तुझं नाव काय ठेवलंय रे? चंद्राला बंदी केली तर पहिली अटक तुला!"

आता ओटा दणाणला. वनमाला नावाची एक मुलगी, जिच्यासमोर माझं जरा जास्तच वजन पडावं अशी माझी इच्छा असायची, ती तर पदर तोंडात धरून हसत होती. मीही हसलो. पण ते हसू मी घरी नेलं आणि जपून ठेवलं.

त्या वेळी वस्तीतल्या मंडळानं शहाऐंशीच्या भीमजयंतीला स्मरणिका काढायची ठरवली होती आणि संपादक मी होतो. फेब्रुवारीत एका संध्याकाळी काका माझ्या खोलीवर आले, दारातच उभे राहिले. हातात वहीचा एक कागद होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कविता कागदावर उतरवली होती. पोराच्या शाळेचा दाखला आणल्यासारखा त्यांनी तो दोन्ही हातांनी पुढे केला.

*रुक्मिणी, पहाटेच्या वाटेनं*
*तू नदीवरनं येतेस.*
*तुझ्या हंड्यात चंद्र हलतो*
*पण सांडत नाही.*
*मी दारात उभा.*
*आज घरात आधी काय येईल,*
*पाणी की उजेड?*

"रुक्मिणी म्हणजे?" मी विचारलं.

"तुझी काकू."

मला हे ठाऊकच नव्हतं. वस्तीत त्यांना सगळे काकू म्हणायचे, गल्लीतल्या म्हाताऱ्या हिवाळीणबाई म्हणायच्या, आणि काका म्हणायचे 'ऐकलं का'. काका सांगू लागले, की लग्न होऊन आल्यापासून तिला कुणी नावानं हाक मारली नाही. सासू 'ए पोरी' म्हणायची, दीर 'वयनी' म्हणायचे. नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायची तर रीतच नव्हती. "आता ती सुलक्षणाच्या वर्गाला जाते, प्रौढ शिक्षणाच्या," काका म्हणाले. "अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, काजं-बटणाचं काम आवरून रोज दुपारी पाटी घेऊन बसते. आतापर्यंत एवढं एकच नाव पक्कं केलंय तिनं, स्वतःचं. परवा मला म्हणाली, हे पाटीवर पुसून जातं, कुठं छापलेलं बघायला मिळंल का? म्हणून आलो. तुझ्या पुस्तकात एक कोपरा दे. कविता बरी नसली तरी चालंल, नाव तेवढं नीट छाप."

मी म्हटलं, "छापतो काका. शब्द दिला."

असा दिलेला शब्द मी दीड महिना पाळलासुद्धा. मार्चअखेरीला छापखान्यात मुद्रितं तपासायला बसलो. खिळे जुळवणारे सीताराम नावाचे म्हातारे गृहस्थ समोर उभे होते. ते पान आलं आणि पहिल्याच शब्दाशी माझी लाल शाई थांबली. रुक्मिणी. बौद्धांच्या स्मरणिकेत, जयंतीच्या अंकात, पहिल्याच ओळीत देवीचं नाव! लोक काय म्हणतील, दुसऱ्या वस्तीतले लिहिणारे काय म्हणतील, असं मी मनाशी म्हणालो. हे कारण खोटं नव्हतं. पण ते कारण मला सापडलं तेव्हा जो आनंद झाला, तो तत्त्वाचा नव्हता. ओट्यावरचं हसू मी अजून जपून ठेवलेलं होतं, ते आता उपयोगाला आलं. मी 'रुक्मिणी' खोडलं आणि वर लिहिलं, 'क्रांती'.

सीताराम चष्म्यावरून बघत म्हणाले, "कवीला विचारलंत ना?"

"संपादक मी आहे," मी म्हणालो.

आता वाचलं की स्वतःचंच हसू येतं. क्रांती डोक्यावर हंडा घेऊन नदीवरून येते आणि नवरा दारात तिची वाट बघतो! एम. ए. झालेल्या माणसाला त्यात काही खटकलं नाही.

जयंती पार पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्मरणिकेची प्रत घेऊन काकांच्या खोलीवर गेलो. पोरासोरांकडून पाठवून देता आली असती. पण खरं सांगायचं तर मला काकांचं तोंड पाहायचं होतं. आता सांगा काका, कोण कुणाला अटक करतं, असं काहीतरी माझ्या मनात होतं. काकूंचा विचार मी केलेलाच नव्हता.

काकूंनी हात धुतले. पदराला पुसले. पत्र्याचा डबा पालथा घालून त्यावर स्मरणिका ठेवली आणि समोर मांडी घालून बसल्या. "कुठलं पान?" त्यांनी विचारलं. काकांनी पान काढून दिलं, आणि त्यांना ते दिसलं. मी त्यांच्याकडे बघत होतो. राग आला असता तर मला आवडलं असतं. त्यांनी फक्त एकदा काकूंच्या डोक्याकडे पाहिलं, तेलपाणी करून चापूनचोपून विंचरलेल्या त्या केसांकडे, आणि ओळीवर बोट ठेवून ते खणखणीत आवाजात म्हणू लागले, "रुक्मिणी, पहाटेच्या वाटेनं..."

"थांबा हो," काकू म्हणाल्या. "माझं मी बघते."

त्यांनी नवऱ्याचं बोट बाजूला सारलं आणि स्वतःचं ठेवलं. सुईनं भोकं पडलेलं ते बोट पहिल्या अक्षराखाली थांबलं. "ह्यो तर क आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या नावात पहिला र येतो. त्याला खाली उकार." त्यांनी पान उलटलं, मागे-पुढे पाहिलं. गॅरेजच्या आणि मंडपवाल्याच्या जाहिराती पाहिल्या. पुन्हा त्याच पानावर आल्या. "ह्येच पान ना?"

"ह्येच," काका म्हणाले. त्यांचा आवाज आता खणखणीत नव्हता. "अगं, छापील अक्षर येगळं दिसतं जरा."

मग काकूंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "चंदू, तू शिकलेला हायेस. खरं सांग लेकरा. हे रुक्मिणी हाय?"

ते दोघं माझ्याकडे बघत होते. नाही म्हणायला किती वेळ लागतो?

"हो काकू," मी म्हणालो. "रुक्मिणीच आहे."

काकूंनी हळूहळू मान हलवली. "मग मलाच येत न्हाई," त्या म्हणाल्या, आणि उठून चहा ठेवायला गेल्या. तो चहा मी प्यायलो. दोन बशा.

आठ-दहा दिवसांनी काका मला विहारापाशी भेटले. मी तोंड चुकवणार होतो, पण त्यांनी हाताला धरून बाजूला नेलं. कसलीही गंमत न करता हा माणूस बोलतो हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"तिनं वर्ग सोडला," ते म्हणाले. "पाटी माळ्यावर टाकली. म्हणती, एवढे महिने शिकून सोताचं नाव वळखता आलं न्हाई, उगा त्या पोरीचा वेळ कशाला खाऊ? मी तिला खरं काय ते सांगितलं. पण तिचा विश्वास बसत न्हाई. म्हणती, तुम्हीच तर बोट ठेवून वाचलं होतं, आता माझी समजूत काढताय. माझंच चुकलं. तिला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलाय गेलो, आन् आता खरं बोलतोय तर खोटा पडलो. तू ये. तुझ्यावर विश्वास बसंल तिचा."

"येतो काका," मी म्हणालो. "उद्याच येतो."

त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही, की तू नाव का बदललंस. मी तयार केलेलं सगळं उत्तर, देवीचं नाव, जयंतीचा अंक, चळवळीची शिस्त, तसंच माझ्यापाशी राहिलं.

मी गेलो नाही. उद्या म्हणता म्हणता मे संपत आला. रोज कामावरून येताना त्यांची गल्ली चुकवून वरच्या पायऱ्यांनी फिरून घरी यायचो. टपाल खात्यातला माणूस मी. दुसऱ्यांची पत्रं वेळेवर पोचली नाहीत तर माझ्यावर मेमो यायचा, आणि हे चार शब्द दोनशे पावलांवर पोचवायला मला महिना पुरला नाही. रविवारच्या बैठकीला काका येईनासे झाले. पोरं विचारायची, काका का येत नाहीत? मी म्हणायचो, तब्येत असेल.

शेवटी सुलक्षणाच आली. ती माझ्याच वयाची, बालवाडी चालवायची आणि दुपारी बायकांचा वर्ग घ्यायची. वर्ग सोडलेल्या प्रत्येक बाईच्या घरी जाऊन चौकशी करायची तिची पद्धत होती. काकूंकडे गेली, त्यांचं ऐकलं, घरी येऊन स्मरणिका उघडली, आणि थेट माझ्या दारात उभी राहिली.

"हे तू केलंस ना?"

"त्यामागे भूमिका होती," मी म्हणालो.

"भूमिका गेली खड्ड्यात! ती बाई फळ्यावर माझ्यापेक्षा चांगलं नाव लिहायची. बरोबर वाचलं होतं रे तिनं. तूच तिला चूक ठरवलंस. मुखपृष्ठावर काय छापलंयस बघ जरा. 'शिका'. एवढ्या मोठ्या टायपात! लाज वाटते का थोडी?"

वाटत होती. पण कुणी मोठ्यानं म्हणेपर्यंत मला ती झाकता येत होती.

त्याच दुपारी मी गेलो. रविवार होता, काका घरात होते. काकू भिंतीला टेकून शर्टाला बटणं लावत होत्या. मी स्मरणिका उघडून त्यांच्यासमोर ठेवली आणि बसलो. खाली बघूनच बोललो. म्हटलं, "काकू, हे रुक्मिणी नाही. कधीच नव्हतं. तुम्ही बरोबर वाचलं होतं. इथं मी क्रांती छापलं. तुमचं नाव मी खोडलं."

काकूंनी सुई शर्टातच टोचून ठेवली. पुस्तक जवळ ओढलं. बोट ठेवलं आणि अक्षराला अक्षर जोडत वाचलं, "क्रां... ती." पुन्हा एकदा वाचलं, या वेळी न अडखळता. मग नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "म्हंजी मला येत होतं."

"येत होतं," काका म्हणाले.

"आन् माझं नाव का खोडलं रे?"

मी सांगितलं. देवीचं नाव, आपली स्मरणिका. ओट्यावरच्या हसण्याचंही सांगितलं. तेवढं मात्र प्रामाणिकपणे सांगितलं.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "छप्पन साली मी अठरा वर्सांची व्हते," त्या म्हणाल्या. "बाबासाहेबांनी सांगितलं तसं आमच्या घरातले देव आम्ही नदीत सोडले. टोपली माझ्या डोईवर व्हती. सासू रडत मागं मागं आली. मी वळून बघितलं न्हाई. गावच्या हिरीवर आम्हाला बंदी व्हती, म्हणून गाव उठायच्या आत त्याच नदीचं पाणी रोज आणायची मी. त्या हंड्याचीच कविता केली ह्यांनी. ज्या बाईनं देव सोडले, ती नाव सोडाया का कू करंल व्हय? नाव तर बापानं ठिवलेलं. तू येऊन म्हणाला असतास, काकू, हे नाव आपल्याला शोभत न्हाई, तर मीच म्हणाले असते, बदल बाबा."

मला वाटलं, संपलं. आता त्या मला माफ करतील आणि मी घरी जाईन.

"पण तवा मी तुला विचारलं," काकू म्हणाल्या. "इथंच बसला व्हतास. मी म्हटलं, खरं सांग. तवा तू हो का म्हणालास?"

नाव का खोडलं याला माझ्याकडे एक सोडून दोन कारणं होती. 'हो' का म्हणालो याला एकही नव्हतं. मी भ्यालो, एवढंच म्हणता आलं असतं, पण कुणाला भ्यालो? बटणं लावणाऱ्या एका बाईला? मी काकांकडे पाहिलं. या माणसापाशी सगळ्यावर वाक्य असायचं. आताही ते काहीतरी बोलतील, एखादी गंमत करतील आणि मला यातून सोडवतील, असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी तोंड उघडलंही. मग बायकोकडे पाहिलं आणि मिटलं.

"पुढच्या वर्षी पुन्हा छापतो काकू," मी म्हणालो. "पहिल्या पानावर. तुमच्या नावासकट. छापून आलं की मी स्वतः आणून वाचून दाखवतो."

काकू उठल्या. डब्यावर चढून त्यांनी माळ्यावर हात घातला, पाटी खाली काढली आणि पदरानं तिच्यावरची धूळ पुसली.

"छापायचं तर छाप," त्या म्हणाल्या. "पण वाचून दाखवायला तू येऊ नगंस. माझं मी वाचीन."